बंद टीव्हीतला चेहरा

सलूनवाल्याचं अर्धं अंग गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, हेच नशीब समजा." त्याच्या बायकोला गल्लीत सगळे वहिनी म्हणत. वहिनीला तेव्हा ते पटलं. घरी आणल्यावर मात्र पटेनासं झालं.

माणूस मुळात बोलघेवडा. उभं आयुष्य आरशासमोर गेलेलं. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं आणि आरशातल्या चेहऱ्याशी गप्पा मारायच्या. आता तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता, मान वळत नव्हती. खाट पुढच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर टीव्ही आणि डोक्यामागे स्वयंपाकघराचं दार. दवाखान्यात बेसिनवरच्या आरशात स्वतःला बघून तो ढसाढसा रडला होता, म्हणून वहिनीने घरातले सगळे आरसे कपाटात टाकले.

तरी तो घास थुंकून टाकायचा, चमचा भिरकावायचा. टीव्ही चालू असला की जरा बरा. बंद केला की घशातून असा आवाज काढायचा की शेजारपाजारचे धावत यायचे.

"हट्टीपणा आहे नुसता," नणंद म्हणाली. "फार लाड करू नकोस."

एका दुपारी चादर बदलता बदलता वहिनी दमली आणि त्याच्याच उशीवर डोकं टेकून आडवी झाली. टीव्ही बंद होता. समोरच्या काळ्या काचेत दोघं लख्ख दिसत होती. ती, आणि तिच्या शेजारी ते ओघळलेलं तोंड. हा माणूस दिवसभर हेच बघत पडला होता.

नणंदेला त्याच्यापाशी बसवून ती तशीच टीव्हीच्या दुकानात गेली. "असा टीव्ही द्या, ज्यात माणूस दिसणार नाही."

दुकानदार हसला. "माणसं बघायलाच तर घेतात टीव्ही!" मग तिचा चेहरा पाहून त्याने काय झालं ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. "मग मॅट पडद्याचा घ्या," तो म्हणाला. "त्याच्यावर चेहरा उमटत नाही. पण तुमच्या जुन्या चकचकीत, ग्लॉसी पडद्यासारखे रंग नाही दिसायचे हं. जरा फिके वाटतील."

"रंग गेले खड्ड्यात," वहिनी म्हणाली.

जुना देऊन तिने नवा आणला. त्या दिवशी तो वाटीभर जेवला. वहिनी आत जाऊन तोंडावर हात दाबून रडली.

पण थोड्याच दिवसांत तो दचकायला लागला. ती मागून आली की चांगला हात झाडायचा. जुन्या काचेत त्याला दारातून येणारं माणूस दिसायचं, आता मागचं जगच नाहीसं झालं होतं. आणि भाजी चिरता चिरता आपणही त्याच काचेतून त्याच्यावर लक्ष ठेवायचो, हे वहिनीला फार उशिरा कळलं. एका सकाळी तो उशीवरून घसरला आणि मान छातीत मुडपली. टीव्ही बंद होता, पण नव्या पडद्यात तिला काहीच दिसलं नाही. ती पाणी घेऊन आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

तिने त्याला उचलून बसवलं, पाठ चोळली, हाका मारल्या. श्वास आला. नणंदेला बोलावून ती पुन्हा दुकानात धावली.

"माझा जुना टीव्ही परत द्या."

"तो केव्हाच गेला, वहिनी. एकदा काय ते ठरवा ना, दिसायला पाहिजे की नको?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि तिथेच फरशीवर मटकन बसली.

दुकानदार शटर ओढून तिच्याबरोबर घरी आला. खोली बघून म्हणाला, "खाट का फिरवत नाही? तोंड दाराकडे करा, टीव्ही दाराशेजारी लावू."

"तिथे खिडकीचा उजेड येतो. काही दिसायचं नाही."

"ग्लॉसीवर नसतं दिसलं. याच्यावर दिसेल."

दोघांनी मिळून खाट फिरवली, टीव्ही हलवला, आणि दुकानदार परत गेला.

आता वहिनी कणीक मळत होती आणि नवरा समोरून थेट तिच्याकडे बघत होता. टीव्हीकडे त्याचं लक्षच नव्हतं. तिने मान खाली घातली. आजार झाल्यापासून तिनेही त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं नव्हतं. भरवतानासुद्धा नजर चमच्यावर असायची. तिने वर पाहिलं. त्याने चांगला हात उचलून तोंड झाकलं.

ती कणकेच्या हातांनी तशीच गेली आणि तो हात खाली घेतला. तो पुन्हा वर गेला. तिने पुन्हा खाली घेतला. बराच वेळ असंच चाललं. शेवटी हात तिच्या हातात राहिला. तो दमला होता की त्याने ऐकलं होतं, ते काही तिला कळलं नाही.