आईला परत आणणारे

त्यांनी माझ्या आईच्या डोक्यावर आंब्याच्या डहाळीनं गोमूत्र शिंपडलं. समाजमंदिरासमोर, भर दुपारी, अख्ख्या गावादेखत.

आईनं धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. सकाळी सरपंचाचा निरोप आला होता, बायांचा कार्यक्रम आहे, साड्या वाटायच्या आहेत, ये. म्हणून ती गेली. तिला मंचावर बसवलं. शेजारी आणखी काही बाया, सगळ्या आमच्याच, गोंडाच्या. गळ्यात झेंडूचे हार. तोवर त्यांना काही कळलं नव्हतं. मग डहाळी आली, तांब्या आला, आणि गमछा घातलेल्या एका माणसानं आईच्या तोंडासमोर माईक धरला.

"सांग माय, काय लालच देल्ली होती तुले? तांदूळ? दवा? पैसा?"

आई गप्प.

"शरमून राहिली," तो माईकमध्येच म्हणाला.

लोक हसले. ज्यांच्या धानाच्या बांधीत आईनं रोवणे केले, कापणी केली, ते हसले. गोमूत्राचे थेंब तिच्या कपाळावरून नाकावर आले. तिनं ते पुसले नाहीत.

कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे होते भैयाजी. गोंदियाजवळच्या गोरेगावात त्यांची राइस मिल आहे. त्यांच्याच घरी मी स्वयंपाक करायची. रोज सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळच्या एसटीनं यायची. त्या दिवशी मला सुटी होती. सुटी कशासाठी दिली, ते मला तिथं उभी असताना समजलं.

त्यांनी मला गर्दीत पाहिलं. "अरे, ये तो अपनी खाना बनानेवाली! ये, ये, वर ये. माँ-बेटी दोनों का हो जाए."

दोन बायांनी मला दंडाला धरून वर नेलं. मला टिळा लावला, गळ्यात हार घातला. फोटो काढला. मग भैयाजी बोलले. म्हणाले, आपली भोळी माणसं भटकली होती, आज ती आपल्या घरी परत आली.

परत!

आमचं घर गोरेगावपासून जंगलाच्या बाजूला. आमचा देव बडादेव, तो साजाच्या झाडाखाली राहतो. माझी आजी एकदा जत्रेत देवळात गेली होती, तिला पायरीवरूनच हाकललं. ती हे मरेपर्यंत सांगायची. ज्या घराच्या पायरीवर आम्हाला उभं केलं नाही, तिथं आम्ही परत आलो म्हणे. टाळ्या वाजल्या. आईच्या मांडीवर एक साडी ठेवली. लालच देऊन बाटवतात असं भाषण ठोकलं आणि वर साडी वाटली. एवढ्या माणसांत एकालाही हसू आलं नाही.

आई येशूकडे कशी गेली, ते सांगते. त्या मंचावरच्या कोणी विचारलं नाही, म्हणून सांगते.

माझा बाप पिऊन पिऊन मेला. तो मेल्यावर आईनं बोलणं सोडलं. केस विंचरायची नाही, जेवायची नाही, भिंतीला डोकं आपटायची. गावातलं कोणी आलं नाही. भैयाजी तर नाहीच नाही. शेजारच्या टोलीवरून, वस्तीवरून, एक बाई यायची. तिला सगळे कुसुममाय म्हणत. ती ख्रिस्ती होती. ती यायची, आईच्या मागं बसायची आणि तिचे केस विंचरायची. उवा काढायची. हळूहळू काही गाणी म्हणायची. किती तरी रविवार तिनं एवढंच केलं. एक दिवस आई तिच्यासोबत गाऊ लागली. बाप मेल्यावर मी तिचा आवाज पहिल्यांदा तेव्हा ऐकला.

ही आमची लालच. एक फणी.

तांदळाचं पोतं आमच्या घरी कधी आलं नाही. उलट आईच दर रविवारी कुसुममायच्या घरी ओंजळभर तांदूळ पदरात बांधून न्यायची. प्रार्थनेनंतर सगळ्यांचं मिळून शिजायचं.

पास्टरलाही मी सोडत नाही. तो मोटरसायकलवरून यायचा, पांढरा शर्ट इन केलेला. आईला म्हणाला, आता बडादेवाच्या पूजेला जायचं नाही, ते सैतानाचं काम. आई म्हणाली, "माझ्या सासऱ्याचा देव होय तो. मी त्याले कायले टाकू? तुमचा येशू येवढा लहान हाय का, का त्याले झाडाचा राग येईन?" ती दोन्हीकडे जात राहिली. मी कुठंच जात नव्हते. मला तेव्हाही वाटायचं, ज्याला त्याला आमच्यावर मालकी पाहिजे.

त्या दिवशी मंचावरून घरी आल्यावर आईनं डोक्यावरून पाणी घेतलं. साडी उलगडून पाहिली. म्हणाली, "कापड बरा हाय. मिरच्या वाळवाले होईन."

रविवार आला. ती निघाली.

"माय, कायले जातेस वो?" मी म्हटलं. "मारतीन ते."

ती दारात थांबली. "भोंगा धरला त्याईनं माझ्या तोंडासमोर. मी बोलली का?"

"नाही."

"मंग कोनाची वापसी झाली?"

आणि गेली. मी चुलीपुढं तशीच बसून राहिले. आईचं ते गप्प बसणं मला हार वाटली होती. तो नकार होता. ज्या भाषणबाज माणसांना शब्दांशिवाय काही ऐकू येत नाही, त्यांना तो कळला नाही. मलाही तो आईनं समजावला तेव्हा कळला.

डिसेंबर आला. भैयाजींच्या घरी नाताळ सुरू झाला.

हो. नाताळ. त्यांची नात पिहू गोंदियाला कॉन्व्हेंटमध्ये शिकते. तिच्या ॲडमिशनसाठी भैयाजी स्वतः त्या शाळेच्या सिस्टरसमोर हात जोडून उभे राहिले होते. घरच्या मालकीणबाई, भाभीजी, हे कौतुकानं सांगायच्या. 'डिसिप्लिन तो इन्ही के पास है.' हॉलमध्ये प्लास्टिकचं झाड आलं. त्यावर लाइटिंग, वर चांदणी. शाळेच्या नाटकात पिहू मेरी झाली होती.

भाभीजी स्वयंपाकघरात आल्या. हातात निळी ओढणी. "तुमच्यात कसं घेतात ग डोक्यावर? तू त्यातलीच ना? जरा दाखव."

महिन्याभरापूर्वी यांच्याच नवऱ्यानं मला मंचावर चढवून शुद्ध करून घेतलं होतं. आता ओढणीपुरती मी पुन्हा त्यातली.

मी पिहूच्या डोक्यावर ओढणी ठेवली. पोरीवर माझा राग नव्हता. आई पदर घेते, तशीच घेतली.

पंचवीस तारखेला दुपारी नागपूरहून पाहुणे आले. मोठी माणसं. एक वकील, एक कॉलेजातला प्राध्यापक, त्यांच्या बायका. पिहूनं हॉलमध्ये झाडासमोर पुन्हा नाटकाचा तुकडा करून दाखवला. मांडीवर बाहुली घेऊन इंग्रजी गाणं म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भैयाजींचे डोळे पाणावले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. या घरात येशू इंग्रजी गातो, म्हणून त्याला केक. आमच्या टोलीवर तो झाडीबोली बोलतो, म्हणून त्याच्यावर गोमूत्र.

"हमारे घर में सब त्योहार होते हैं," भैयाजी पाहुण्यांना म्हणाले. "आपल्या रक्तातच सहिष्णुता आहे. बाकी देशांत बघा काय चाललंय."

प्राध्यापक मान हलवत होते. शिकलेला माणूस केक खाताना कशालाही मान हलवतो.

मग भैयाजींनी मला हाक मारली. मी प्लेटा घेऊन गेले.

"ही बघा. इसकी माँ को हम ही वापस लाए. भटकली होती बिचारी." माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग ग यांना. आता कशी आहे आई? खुश है ना?"

मी प्लेटा टेबलावर ठेवल्या.

"आई रविवारी प्रार्थनेला गेली होती," मी म्हटलं. "त्याच्या आधीच्या रविवारी पण गेली होती."

भैयाजी हसत होते, ते हसू तोंडावर तसंच राहिलं. "काय म्हणतेस?"

"तिला कोणी परत आणलं नाही. साडीचा कार्यक्रम आहे असं खोटं सांगून बोलावलं होतं तिला. ती मंचावर एक शब्द बोलली नाही. तुम्हीच बोलत होते."

वकिलाची बायको प्लेटमध्ये पाहू लागली. भाभीजी म्हणाल्या, "अंदर जा."

मी गेले नाही. "पिहूच्या शाळेतल्या सिस्टरला विचारा ना माईकवर, काय लालच दिली म्हणून. तिच्यापुढं तर हात जोडता."

"हमारा खा के हम को ही सुनाती है?" भैयाजी ओरडले.

"तुमचं खाल्लं नाही जी. तुम्हालेच खाऊ घातलं."

पिहू निळ्या ओढणीत माझ्याकडे बघत होती. भाभीजींनी तिला आत ओढलं आणि मला म्हणाल्या, "कल से मत आना."

"आजच चालली," मी म्हटलं.

गॅसवर भाजी होती. तो बंद करायलाही मी थांबले नाही. तशीच बसस्टँडवर आले. मिळाली ती एसटी धरली.

पुढच्या रविवारी मी कुसुममायच्या घरी गेले. प्रार्थना म्हणायला नाही. दारात बसायला. आत आई आणि बाया गात होत्या. अर्ध्या तासात मोटरसायकली आल्या. तेच गमछे.

"काय चालू हाय?"

"प्रार्थना करून राहिल्या. बसाचं असन तं चपला काढून बसा," मी म्हटलं.

त्यातल्या एकानं अंगणातला शिजत्या भाताचा गंज लाथेनं उलथवला. पांढरा भात मातीत. मी उठले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. तो मला ओळखत होता, शाळेत माझ्या वर्गात होता. मी त्याचं नाव घेतलं. बापाचंही घेतलं. म्हटलं, "तुझ्या बापाले सांगते, तू लोकाईच्या अन्नाले लाथ मारून राहिला." त्याची नजर खाली गेली. शिव्या देत ते निघून गेले.

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं आम्हालाच. हवालदार म्हणाला, "कायले वातावरण खराब करता वो बाई? घरात राहा ना चूपचाप. लोक सहन करून राहिले, हेच लय झालं."

"काय सहन करून राहिले?" मी विचारलं. "आमचं गाणं? का आमचं असणं?"

त्यानं पंखा वाढवला.

भैयाजींनी गोरेगावात सांगून ठेवलंय, हिला कोणी कामावर घेऊ नका. मी आता रोजीनं जाते, धानाच्या चुरण्याला, मळणीला, मोहफुलाच्या दिवसांत मोहफुलाला. आईला गावच्या बोअरवर पाणी भरताना बाया बाजूला सरकतात. ती भरून आणते.

मला येशूचं सगळं पटत नाही. पास्टरचं तर निम्मंही पटत नाही. पण ते मी त्याला तोंडावर सांगते, आणि तो ऐकतो, कारण मी तिथं माझ्या पायांनी गेले आहे. मला कुठं न्यायचं, कुठून परत आणायचं, हे ठरवणाऱ्या कोणाच्याही हातात मी माझा दंड पुन्हा देणार नाही. आईचा तर नाहीच.

आणि ती तुमची सहिष्णुता पाहुण्यांना वाढा, केकसोबत. आम्हाला कोणी सहन करायची गरज नाही. आम्ही तुमच्या हॉलमध्ये राहत नाही. हे जंगल, ही टोली, हे गाव आमचं आहे. इथं आम्ही गाऊ. मोठ्यानं गाऊ. ज्याला त्रास होतो त्यानं कान झाकावे.