‘काले’ म्हणजे नेमकं कधी? बडोदे ते डुंगरी फळिया

ही सहल मी ठरवली नव्हती, माझ्या अतिशहाणपणानं ठरवली. मी एका आदिवासी तालुक्याची आरोग्य अधिकारी आहे. (कुठल्या ते विचारू नका, नोकरी आहे.) माझं काम म्हणजे नर्सबाईंच्या मीटिंगा घ्यायच्या, तक्ते मागवायचे आणि तक्त्यातलं एखादं घर रिकामं दिसलं की आवाज चढवायचा. जन्म बडोद्याचा, घर मांजलपूरला, त्यामुळे ‘माझं गुजराती ऐकून कुणी मला मराठी म्हणणार नाही’ ही माझी नेहमीची शेखी.

रविवारी दुपारी आमटीला फोडणी देत होते, तेवढ्यात मंजुलाबेनचा मेसेज आला. मंजुलाबेन म्हणजे डुंगरी फळियाच्या नर्स, आणि फळिया म्हणजे वस्ती, इथे डोंगरउतारावर विखुरलेली. मेसेज एवढाच: ‘बेन, फळियामां रसीकरण काले.’ आता गुजरातीत ‘काले’ म्हणजे कालही आणि उद्याही; क्रियापद बघून ठरवायचं. मंजुलाबेननी क्रियापद लिहिलं नव्हतं, आणि घरात माझं डोकं मराठीत चालतं. मी वाचलं ‘काल’. अरे वा, झालं पण लसीकरण! अंगठा पाठवला, ‘सरस!’ लिहिलं, तक्त्यात ‘झाले’ भरलं आणि सोमवारी लस घेऊन जाणारी जीप दुसऱ्या गावाला देऊन टाकली. आमटी मात्र झकास झाली होती.

सोमवारी अकराला फोन. “बेन, रसी क्यां छे? बायका सकाळपासून बसल्यात.” लस कुठे? लस भलत्याच गावात, जीप संध्याकाळशिवाय परत येत नाही. बायका उठून घरी गेल्या. “आता तुम्हीच या आणि तुम्हीच सांगा त्यांना,” मंजुलाबेन म्हणाल्या. एरवी त्या माझ्याशी असं बोलत नाहीत. त्या बायकांत एक सुमित्रा होती. होळी झाली की इकडची माणसं बांधकामाच्या मजुरीला सौराष्ट्रात जातात. सुमित्राच्या नवऱ्याचे सोबती कधीच गेले होते. ती मात्र बाळाला गोवराची लस टोचून मगच निघायचं, म्हणून मंजुलाबेनच्या शब्दावर थांबली होती. शेजारच्या गावात गोवर निघालाही होता.

मंगळवारी सकाळी सहाला आमच्या छोट्या गाडीतून निघालो. माझा नवरा, मिलिंद, रजा काढून गाडी चालवायला. “अगं, आपण उद्या पोचणार की काल?” शहराच्या वेशीवरचं तरसाली येईपर्यंत हे त्याचं तीनदा विचारून झालं. चौथ्यांदा विचारलंस तर उतरून चालत जाईन, असं सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी माहिती: डभोईपर्यंत रस्ता चांगला. तिथे फाफडा, तळलेली मिरची आणि पपईचा संभारा (कच्च्या पपईचा परतलेला कीस) खाऊन घ्या, दोघांचं शंभर-दीडशेत भागतं. बोडेलीनंतर काही मिळेल या भरवशावर राहू नका. शेवटचा रस्ता मातीचा आहे, छोट्या गाडीचं पोट घासतं. वाटेत आरोग्य केंद्रातून लसीचा निळा डबा घेतला. आत बर्फ असतो, ऊन लागू द्यायचं नाही, म्हणून तो माझ्या मांडीवर. अर्ध्या तासात मांडी बधिर. मीटिंगमध्ये मी ह्या डब्याला ‘हलका आणि सुटसुटीत’ म्हणत आलेय.

अंगणवाडीत मंजुलाबेन एकट्याच. मग आम्ही डबा घेऊन पायी वर निघालो. पहिल्याच घरापाशी एक म्हातारी मोहाची फुलं वेचत होती. मी माझ्या अस्सल गुजरातीत म्हटलं, “बा, मुलांना लस द्यायला आलोय, सगळ्यांना बोलावता का?”

तिनं मान वरसुद्धा केली नाही. “काले आवजो.”

म्हणजे ‘उद्या या’. मिलिंद हसू आवरत दगडावर बसला. सगळ्या फळियाला माझा पराक्रम कळला होता!

“तुम्ही सांगितलंत?” मी मंजुलाबेनना हळूच विचारलं.

“मग काय सांगणार होते, बेन? मोह पहाटे झडतो. तो वेचायचा सोडून ह्या येऊन बसल्या. सगळा गुरांनी खाल्ला.”

मी पाठ करून आणलेलं वाक्य होतं, ‘थोडा गैरसमज झाला.’ मंजुलाबेन माझ्याकडे बघत होत्या. “बा, चूक माझी झाली,” मी म्हटलं. मग हेच प्रत्येक दारात म्हटलं. चढ असा, की पाचव्या घराशी नुसती धापच निघाली आणि तिथली बाई मला पाणी द्यायला धावली. हळूहळू बायका मुलं घेऊन आल्या, सगळ्या नाही. टोचलं मंजुलाबेननी. मी शेवटची सुई कधी टोचली ते आठवत नाही, तेव्हा माझ्याकडे कार्डं भरायचं काम.

दुपारी त्याच म्हातारीनं मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ वाढली. इतकं चविष्ट जेवण बडोद्यात पैसे मोजून मिळणार नाही. जेवता जेवता विचारलं, “बा, सुमित्राचं घर कुठलं?”

“हेच. माझी सून ती.” तिनं डाळ वाढली. “काल सगळ्या उठल्या, ही उठेना. मंजुलाबेन म्हणाली म्हणजे येणारच लस, म्हणायची. उन्हं उतरेपर्यंत बसली पोराला घेऊन. आज पहाटे ठेकेदाराची गाडी आली, त्यातून गेली.”

मला रडू आलं, आणि त्या म्हातारीनं मलाच पाणी दिलं. सुमित्राच्या नवऱ्याचा फोन बंद होता. ठेकेदारानं गाव सांगितलं, तिथल्या अधिकाऱ्याला मी फोन केला. “जोईशुं,” तो म्हणाला, म्हणजे ‘बघू’. मीही लोकांना हेच म्हणते.

घरी येऊन तो ‘झाले’ बदलायला बसले. सुमित्राच्या बाळाच्या नावापुढे ‘झाले नाही’ केलं की कॉम्प्युटर कारण विचारतो. पर्याय तीनच: पालकांचा नकार, कुटुंब बाहेरगावी, बाळ आजारी. ह्याच तिन्हींवरून मी इतकी वर्षं नर्सबाईंना फैलावर घेतलंय. “बाहेरगावी टाक की,” मिलिंद म्हणाला, “खरंच गेलेत ते.” खोटं नव्हतंच. खाली शेऱ्यासाठी एक ओळ असते. कुणी तिथे काय लिहिलंय, हे मी आजवर कधी वाचलं नव्हतं. तिथे लिहिलं: ‘आई बाळाला घेऊन दिवसभर बसली होती. लस मी पाठवली नाही.’