थंडीतून काढलेले वस्तारे

"वस्तारा आहे तो! वळूचं वीर्य नाही, नळकांड्यात घालून गोठवायला!"

"बाबा, हळू बोला. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांनाही कळू दे, या घरात काय शिजतंय ते."

"शिजत कुठे आहे?" त्यांची बायको, धारबाई, म्हणाली. "गोठतंय."

लेक फिस्सकन हसली आणि वस्तारेवाल्यांचा, म्हणजे तिच्या बाबांचा, पारा आणखी चढला. ओट्याखाली लेकीने जपून आणलेला बुटका डबा होता. त्याच्या अरुंद तोंडातून पांढरी वाफ जमिनीवर सांडत होती. लेक जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथे वळूंचं वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. उरलेला थोडा तिने मोठ्या डॉक्टरांना विचारून आणला होता. एवढ्या थंडीत पोलाद बुडवलं तर ते आणखी कडक होतं, धार जास्त टिकते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. खरं की खोटं, तिलाही ठाऊक नव्हतं.

"आमच्या आजोबांपासून पोलाद तापवतोय आम्ही," वस्तारेवाले म्हणाले. "गारठून कोणाचं भलं झालंय?"

"आजोबांच्या वेळी गिऱ्हाईक होतं," धारबाई म्हणाली.

दुखणं तिथेच होतं. बाकीच्या सगळ्या सलूनवाल्यांनी बदलत्या पात्याचे वस्तारे कधीच घेतले होते. उरला होता धारबाईचा धाकटा भाऊ. तोही परवा येऊन म्हणाला होता, "ताई, तुझा वस्तारा दुपारपर्यंत लोणी. मग खेचायला लागतो. गिऱ्हाईक डोळे मिटतं ते सुखाने नव्हे गं, भीतीने. मलाही आता पाती घ्यावी लागणार." तो गेला आणि वस्तारेवाल्यांनी जाहीर केलं, की मग भट्टी विझवायची. त्यांनी ते पाणी मागितल्यासारखं म्हटलं. धारबाईने त्या दिवशी भाजीत मीठ घातलंच नाही.

तिला खरं नाव होतं, पण ते माहेरी राहिलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुरीनेही बोट कापून घ्यायची सवय होती. सासऱ्यांनी एकदा गंमत म्हणून तिच्या हातात वस्तारा दिला आणि निसण्याच्या दगडावर फिरवायला सांगितलं. ते पाठ करून बसले. थोड्या वेळाने, न बघताच म्हणाले, "टोकाकडे दाबतेस." तेव्हा तिला कळलं, की धार ऐकू येते. तेव्हापासून या घरात पोलाद ठोकायचं आणि तापवायचं बाप्यांनी, धार लावायची तिने. धार पारखायला ती डाव्या हातावरची लव काढून बघे. त्यामुळे तिचा डावा हात कायम तुळतुळीत असे, उजवा नसे. लग्नकार्याला ती लांब बाह्यांचं पोलकं घाली आणि नणंदा आपसात हसत.

तर, भट्टी विझली तर तिचा दगड पाट्यासारखा कोपऱ्यात जाणार होता. म्हणूनच ती त्या डब्याकडे असं बघत होती, जसं एखादी लेकीला बघायला आलेल्या स्थळाकडे बघते.

पहिल्या खेपेला त्यांनी तयार वस्तारे बुडवले, काढले आणि धार लावून मामाकडे पाठवले. सोबत न बुडवलेलेही दिले. मामा दुसऱ्याच दिवशी सायकल टाकून धावत आला. "ताई! गारवाले वस्तारे म्हणजे काय सांगू! अस्सं सरकतं!" लेकीने टाळ्या पिटल्या. धारबाईने मामाला दोनदा चहा पाजला.

वस्तारेवाले कोपऱ्यातून म्हणाले, "सरकणारच. लाडक्या लेकराला दोनदा तेल लावलं, की ते गोरंच दिसतं."

"म्हणजे?"

"गारवाल्यांना तू जास्त वेळ घासलंस. मी इथे बसून ऐकत होतो. सासऱ्यांची सून तू, मी त्यांचा मुलगा. मलाही ऐकू येतं."

ते खरं होतं. हातांना माहीत होतं कोणता वस्तारा कोणता, आणि हात वेडे असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळे वस्तारे नवऱ्यापुढे ठेवले. "मुठी काढा. आत तुमच्या तुम्ही खुणा करा आणि पुन्हा बसवा. मला सांगू नका, हिला सांगू नका, माझ्या भावाला तर मुळीच नाही."

"मीच?"

"तुमच्याइतका या थंडीचा वैरी दुसरा कोण आहे घरात?"

या वेळी लेक शेजारी बसून दगडावर फिरणारे हात मोजत होती, प्रत्येक वस्ताऱ्याला सारखे. मामाने प्रत्येक वस्तारा दिवसभर वापरला आणि आपल्या मते चांगले तेवढे वेगळे काढले. मुठी उघडल्या. चांगल्यांत निम्मे गारवाले होते, निम्मे साधे. म्हणजे काहीच नाही. मामा ओशाळला. लेक डबा उचलायला लागली.

"अरे, पण असं होणारच ना!" वस्तारेवाले एकदम ओरडले. सगळे दचकले. "पोलाद लालभडक करायचं, तेलात विझवायचं, मग मंद आचेवर भाजून त्याचा ताठा थोडा उतरवायचा, नाहीतर काचेसारखं फुटतं. बरोबर? तुम्ही बुडवता सगळं झाल्यावर! त्याचा संसार मांडून झाला, मुलं झाली, आता त्याला नवीन काय शिकवणार? थंडी द्यायचीच तर तेलातून काढल्याबरोबर. भाजायच्या आधी!"

धारबाई नवऱ्याकडे बघत राहिली. "हे कधीपासून डोक्यात होतं?"

"पहिल्या दिवसापासून," ते पुटपुटले.

"आणि बोलला नाहीत!"

"मला कोणी विचारलं?"

त्यानंतर घरात लगीनघाई झाली. लेकीने डबा भरून आणला, खिडक्या उघडल्या, जाड हातमोजे चढवले. वस्तारेवाल्यांनी भट्टीजवळून कोणालाही हलू दिलं नाही. "आण! लवकर! अगं, धावतेस की वरातीत चालतेस?" तेलातून निघालेलं पातं जरा निवल्यावर डब्यात गेलं, तसा आतून खदखद उकळल्यासारखा आवाज आला. एक पातं टिंग करून तडकलं. वस्तारेवाले लहान मुलासारखे म्हणाले, "जाऊ दे गं. पुढचं!"

गारवाले आणि साधे मिसळून पुन्हा खुणा, पुन्हा मोजलेले हात, पुन्हा मामा. मामाने निवडलेल्यांच्या मुठी उघडल्या. सगळे गारवाले.

"योगायोगही असेल," लेक म्हणाली.

म्हणून आणखी एक घाणा काढला. या खेपेला मामा एका ठिकाणी चुकला, बाकी सगळे बरोबर.

"फरक डोंगराएवढा नाही ताई, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पण आधी दुपारी खेचायचा, तो आता दिवेलागणीला खेचतो. तेवढ्यात माझं दुकान आवरतं. पाती राहू देत."

वस्तारेवाले तर उठून येरझाऱ्याच घालायला लागले. "प्रत्येक पात्यावर कोरायचं! हिमधार! नाही, बर्फाचं फूल काढू. जुने वस्तारेही परत मागवू, सगळ्यांना एकदा बुडवून—"

"अहो, बसा," धारबाई म्हणाली.

ते बसले.

"भट्टी विझायची नाही. थंडी तेलानंतर, भाजण्याआधी. जुन्यांना कोणी हात लावायचा नाही, त्यांना त्याचा उपयोग नाही. आणि पात्यावर काहीही कोरायचं नाही. फूल दिसलं, की हात पुन्हा वेडे होतात."