ताईने बघितलं ते हितेशकडे

काल गोत्रीला ताईच्या घरी तिच्या मुलीला गरब्यासाठी तयार करताना तिच्या केसांवर स्प्रे मारला आणि त्या गोडसर वासाने मला थेट आमच्या कॉलेजच्या फॅशन शोमध्ये नेलं. तेव्हा मी फोटोग्राफी नुकतीच शिकत होते. निजामपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ताईला तासन्‌तास बसवून तिचे पोर्ट्रेट काढायचे. शोच्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच रॅम्पवर चालणार होती. मी रॅम्पच्या टोकाशी गुडघ्यांवर बसले होते, शेजारी माझ्याच वर्गातला हितेश.

ताई टोकाशी येऊन थांबली, मान वळवली आणि सरळ हितेशच्या कॅमेऱ्यात बघितलं. मला मिळाला तिचा कान आणि झुमका.

"जो ने, केटली सरस आवी छे," हितेश मला फोटो दाखवत म्हणाला; ताई किती छान आलीय ते बघ म्हणे. फोटो खरंच सुंदर होता. माझा नुसता जळफळाट झाला.

काल इतक्या वर्षांनी ताईला विचारलंच, "तेव्हा माझ्याकडे का नाही बघितलंस?"

"तुझ्याकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं गं. तिथे हसायचं नव्हतं."

खरं असेल. पण तिच्या हॉलमध्ये अजून हितेशने काढलेला तोच फोटो लावलेला आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करूनच बसते.