बाबांनी तासलेला बोरू

सायप्रसमध्ये मी ज्या आजींना सांभाळते, त्यांच्या मास्तर मुलाने आज ओढ्याकाठचे बोरू छाटले. ओलसर, गोड वासाने अंगण भरलं. तो म्हणाला, “जुन्या ग्रीकमध्ये कालामोस म्हणजे बोरू, आणि त्याची लेखणीही. तोच शब्द अरबांकडून तुमच्याकडे गेला आणि कलम झाला.” मी मान डोलावली, पण मला अंबरनाथच्या बुवापाड्यातलं आमचं दार दिसत होतं.

नववीतून माझं नाव काढलं, त्या दुपारी बाबा उंबऱ्यावर बोरू तासत बसले होते. त्यांची कंपनी बंद पडली होती आणि उद्यापासून मी कॅम्प तीनच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायला जाणार होते. वस्तीतले जयंतीचे फलक मीच लिहायचे. बाबांनी ब्लेडने टोकाला तिरका काप दिला, मधोमध चीर पाडली, फुंकर मारली.

“घे बाय, तुझ्यासाठी.”

“आता काय करू ह्याचं? धागे कापू?”

बाबा हसल्यासारखे झाले. “ऱ्हाऊ दे. माझ्याकडं ठेवतो, लागला की माग.”

मला वाटलं, यांना काहीच वाटत नाही. तो बोरू म्हणजे त्यांची माफी होती, हे आज कळतं.

मी कधी मागितला नाही. गेल्या वर्षी बाबा गेले, मला पोचता आलं नाही. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, पेटीत एक बोरू निघालाय. शाईपन लागली नाय त्याला.”

अंगणातला एक तुकडा उचलून मी तसाच काप द्यायला गेले, तर टोक फाटलं. आजींनी दुसरा तुकडा पुढे केला.