मेण वितळवायला एकवीसशे किलोमीटर

कॅनडात गाडीने लांब निघणारी माणसं सोबत तंबू घेतात, सायकली घेतात, छपरावर होडी बांधतात. आम्ही एक लाकडी पेटी घेतली. तिचं झाकण म्हणजे शेजाऱ्याने घर रिनोव्हेट करताना फुटपाथवर ठेवून दिलेली खिडकी होती.

माझी धाकटी बहीण वसुधा विनिपेगपासून तासाभरावरच्या गावात नर्स आहे. तिच्या शेजारी ओल्गाबाई राहतात, वय शहाऐंशी. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या वसुधाला दिल्या. अट एकच: दर वर्षी त्याच्या स्मरणाच्या दिवशी चर्चमध्ये लावायची मेणबत्ती याच माश्यांच्या मेणाची हवी. गेल्या वर्षी आमच्या बहिणाबाईंनी मेण लोण्यासारखं थेट शेगडीवर कढवलं. तूप झालं नाही. मेण करपून तपकिरी झालं, स्मोक अलार्म बोंबलला आणि ओल्गाबाईंना दुकानातली मेणबत्ती लावावी लागली. त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. वसुधाला लागलं ते नेमकं तेच.

यंदा सप्टेंबरात तिचा फोन आला. "दादा, ओल्गाबाई पुढच्या सोमवारी कॅलगरीला मुलाकडे चालल्यात, कायमच्या. सोमवारच्या आत मेण स्वच्छ व्हायला हवं. आणि आता शेगडीला मी हात लावणार नाही. तू ती उन्हाची पेटी करतोस म्हणाला होतास ना?"

म्हणालो होतो. तीन वर्षं म्हणतच होतो. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात, मधाचं उष्टं. हा शब्द मी बी.ए.ला पाठ केला आणि तीस वर्षांनी तो उपयोगी पडला. संस्कृतच्या पदवीला याहून लवकर फळ आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

चार दिवस रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये करवत चालवली. पेटीचा नकाशा बघायची गरजच नव्हती, कारण नागपूरला आमच्या गच्चीवर सौरकुकर होता. लहानपणी त्यातला वरणभात खाऊनच आम्ही वाढलो. तीच पेटी आठवून केली: प्लायवूडचा खोका, आतून बार्बेक्यूला देतात तो काळा रंग, वर सपाट काच. आत उतरता ट्रे, त्याच्या तोंडाशी पंच्याचा तुकडा आणि खाली ब्रेडच्या साच्यात थोडं पाणी. मेण वितळून पंच्यातून गाळलं जातं आणि साच्यात थिजतं. कचरा वर राहतो.

कुरियरवाल्याने काचेची हमी नाकारली. "मग आपणच जाऊ," मी म्हणालो.

"एका खिडकीसाठी?" माझी बायको मेधा म्हणाली. तिने रजा टाकली, दशम्या केल्या आणि काचेवर आईने शिवलेली गोधडी गुंडाळली. विरोध करायची तिची ही पद्धत आहे.

बुधवार. आमच्या किचनर शहरातून सकाळी सहाला निघालो. अमेरिकेतून रस्ता थोडा कमी पडतो, पण मेधाचा व्हिसा संपलेला, म्हणून लेक सुपीरियरच्या उत्तर काठाने. तुम्हीही हाच रस्ता घ्या, व्हिसा असला तरी. पहिला मुक्काम सू सेंट मरी. थंडर बेपर्यंतच्या पुढच्या टप्प्यासाठी एकच सल्ला: पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की भरा. "पुढे मिळेल" हे वाक्य इथे चालत नाही. फोनला रेंजही नसते.

गुरुवार. दिवसभर डाव्या हाताला तळं. त्याला तळं म्हणताना जीभ अडखळते, कारण पलीकडचा काठ दिसतच नाही. एका वळणावर थांबून दशमी आणि लसणाची चटणी खाल्ली. वारा इतका गार की चटणीचा तिखटपणा उशिरा कळला. आजूबाजूला दगड, पाणी आणि लाल व्हायला लागलेले मेपल. कोणी बोललं नाही. आमच्या संसारात याला नोंद घेण्यासारखी शांतता म्हणतात.

थंडर बेला मोटेलचा मालक सुरतचा निघाला. खोली एकशे वीस डॉलरला, त्यात चहा त्याच्या घरचा, आल्याचा. पेटी आत नेताना त्याने गोधडीकडे बघितलं.

"भाईसाब, कोई गुजर गया क्या?"

"नहीं, मोम पिघलाने की पेटी है."

"अच्छा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "दोनों की शादी को कितने साल हुए?"

मेधा खोलीत शिरेपर्यंत हसत होती.

शुक्रवार. केनोरा मागे पडलं तशी झाडं विरळ झाली आणि मॅनिटोबात शिरल्यावर जमीन पोळपाटासारखी सपाट. संध्याकाळी वसुधाच्या दारात पोचलो. तिने आधी काच तपासली, मग वहिनीला मिठी मारली, मग मला विचारलं, "चहा घेणार?" बहिणींचा क्रम असाच असतो.

शनिवार. ऊन लख्ख. पेटी अंगणात मांडली, ट्रेमध्ये मधाच्या पोळ्यांवरून खरवडलेली मेणाची झाकणं पसरली, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवला. मेणाला चौसष्ट डिग्री लागते. साडेअकराला काटा अडतीसवर होता. दीडला, म्हणजे इथल्या खऱ्या मध्यान्हीला, सत्तेचाळीस. त्यापुढे तो हलेना. मेण मऊ झालं, चकाकलं आणि तसंच बसून राहिलं.

"नागपूरला भात शिजायचा रे दादा," वसुधा म्हणाली. टोमणा नव्हता तो. चेहरा उतरला होता तिचा.

"शिजायचाच," मी म्हणालो. "उद्या इथेही शिजेल."

चारला ओल्गाबाई काठी टेकत आल्या. पॅकिंगच्या खोक्यांचा कंटाळा आला होता म्हणे. त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, मग काचेवर तळहात आडवा धरला.

"छान आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "कोणत्या देशासाठी बनवलीय?"

मी नागपूरची गच्ची सांगितली. त्या पोट धरून हसल्या. "तुमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो. आमच्याकडे तो सेल्समनसारखा दाराशी येऊन उभा राहतो. झाकण त्याच्याकडे वळवा ना! तोंड आकाशाकडे करून काय उपयोग?"

ग्रहणांची गणितं करणाऱ्या पूर्वजांचे आम्ही वंशज. अक्षांश या शब्दाची व्युत्पत्ती मला येते. अक्षांश मात्र पेटीत घालायचा राहिला.

मेधा म्हणाली, "अहो, आणि ही एवढी थंड हवा? पेटीला चारी बाजूंनी वारा लागतोय. आपण स्वेटर घालून बसलोय आणि ती उघडी."

त्या संध्याकाळी वसुधाच्या गॅरेजमधून बर्फात लावायचे दोन विंटर टायर काढले. ते एकावर एक रचले आणि पेटीची मागची बाजू त्यांवर टेकवली. काच आता सूर्याच्या समोर उभी राहिली. पेटी तिरकी झाल्यावर साचाही कलंडला, म्हणून त्याखाली लाकडाची पाचर ठोकली. तळाला आणि तिन्ही बाजूंना गोधडी गुंडाळून दोरीने आवळली. वसुधाने काचेच्या फटी टेपने बंद केल्या.

रविवार. सकाळी ढग. नऊला ढग. दहाला ढग. वसुधा दर पाच मिनिटांनी बाहेर जाऊन वर बघत होती. "शेगडीवर पाण्यात भांडं ठेवून केलं तर?" तिने एकदा विचारलंही. सोपं होतं, झालंही असतं.

"गेल्या वर्षी करपलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, आठवतंय? पुन्हा करपलं तरी बोलणार नाहीत," मेधा म्हणाली.

वसुधा पुन्हा बाहेर गेली.

साडेअकराला ऊन फुटलं. दर वीस मिनिटांनी आम्ही टायरसकट पेटी सूर्याकडे सरकवत होतो. एकजण ढकलणार, एकजण साचा धरणार, मेधा सूचना देणार. बाराला पंचावन्न. साडेबाराला पासष्ट. मग काचेमागे ट्रेच्या टोकाशी एक थेंब जमला. पिवळाधमक. पंच्यातून खाली उतरला आणि पाण्यावर नाण्याएवढा पसरला.

"दादा," वसुधा एवढंच म्हणाली आणि माझा दंड गच्च धरला.

पाचपर्यंत साचा भरला. थंड झाल्यावर वडी उलटी करून काढली. तूपही असं रंगावर येत नाही कधी कधी. फक्त एका कोपऱ्यात माशीचा एक पंख अडकला होता, पारदर्शक, अख्खा. पंच्याच्या कडेने निसटला असणार. वसुधाचा जीव खालीवर. "परत वितळवायला हवं. ऊन आहे अजून?"

ऊन नव्हतं. वडी तशीच घेऊन आम्ही तिघं ओल्गाबाईंकडे गेलो. घरात खोकीच खोकी, भिंतीवर काढलेल्या फोटोंचे फिके चौकोन. त्यांनी वडी दोन्ही हातांत घेतली, नाकाशी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. वसुधा पंखाबद्दल सांगू लागली, माफी मागू लागली.

"असू दे," ओल्गाबाई म्हणाल्या. "नाहीतर वर माझ्या नवऱ्याला वाटेल, यंदाही मी दुकानातून आणलं."

सोमवारी सकाळी मुलाच्या ट्रकमध्ये त्या पुढे बसल्या. बाकी सगळं मागे लादलं होतं. वडी मांडीवर.

त्यानंतर आम्हीही निघालो, त्याच रस्त्याने, त्याच तळ्याच्या कडेने. पेटी आणि टायर वसुधाकडे राहिले. बर्फ पडेपर्यंत पेटीखालचे टायर काढू नकोस, असं तिला सांगून ठेवलंय. ज्यांना अशी पेटी करायची असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवा: काच सूर्याकडे तिरकी, खोक्याला ऊब आणि मेणाला थेट जाळ कधीही नाही. बाकी सगळं फुटपाथवर मिळतं.

तीन आठवड्यांनी वसुधाचा फोन आला. ओल्गाबाईंनी त्या वडीची मेणबत्ती करून कॅलगरीच्या चर्चमध्ये लावली. शेवटपर्यंत तडतडली नाही. पंख कुठे गेला ते कळलं नाही म्हणाल्या.

गोधडी आमच्याबरोबर परत आली. तिच्या एका कोपऱ्यावर मेणाचा ठिपका थिजलाय, रुपयाएवढा. काल मेधाने इस्त्री तापवली, ठिपक्यावर ब्राऊन पेपर ठेवला. गरम इस्त्रीने मेण कागदात उतरतं, डाग राहत नाही. आईचीच युक्ती ती. मी वाफ आणि वास येण्याची वाट बघत होतो. इस्त्रीचं बटण बंद झाल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"काही नाही," मेधा गोधडीची घडी घालत म्हणाली. "हा कोपरा पायाशी येऊ देऊ नका, एवढंच."