बटर म्हणजे कुठलं बटर

खाली बसून धार काढणं गुडघ्यांना झेपेना, तेव्हा आमची म्हैस विकली. शेजारच्या वाशी गावच्या एका खवेवाल्यानं नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं माझ्या हातात कापडी पिशवी दिली आणि म्हणाली, "आता दूध आणायचं काम तुमचं." मला फार बरं वाटलं. जन्मभर घरात दूध माझ्या हातून आलं होतं, ते तसंच येणार होतं. शिवाय निवृत्त कंडक्टरला ना गाडी, ना घंटी. त्या पिशवीशिवाय घरात मला विचारतंय कोण?

येरमाळ्यात हायवेच्या कडेला दुधाचं दुकान आहे. तिथल्या काचेच्या फ्रीजमध्ये दूध, ताक, दही, लस्सी सगळं एकाच मापाच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत आडवं पडलेलं असतं. आमच्याकडं दूध चरवीत, ताक मडक्यात, तूप बरणीत. डोळे झाकून हात लावला तरी कळायचं. इथं सगळ्यांना एकच गणवेश. अक्षरं बारीक आणि चित्र मात्र गाईचं. ताकावर गाय, दह्यावर गाय, अन् म्हशीच्या दुधावरसुद्धा गाय! म्हशीनं कुणाचं काय घोडं मारलं होतं? राबायचं म्हशीनं आणि फोटो काढायचा गाईचा. मी दुकानदाराला हे सुनावलं. तो म्हणाला, "मामा, मी फक्त इकतो."

पहिल्याच आठवड्यात घात झाला. बायकोनं चहाला आधण ठेवलं, मी आणलेली पिशवी फोडून ओतली आणि ओरडली, "अवो, हे दूध न्हाय, ताक हाय! मसाल्याचं ताक!" चहा फाटला होता आणि त्याला हिंगाचा वास येत होता. मी म्हणालो, "त्यात काय, पचनाला बरा." आणि तो कपभर चहा तिच्यासमोर पिऊन दाखवला. माघार घेणं आमच्या रक्तात नाही.

मग बायकोनं सोपं करून दिलं. दुधाची निळी पिशवी आणायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. पण निळ्या पिशवीतलं दूध मला पटेना. तापवलं की वर पापुद्रा येई, साय नाहीच. मी केशरी पिशवी आणायला लागलो. त्या दुधावर बोटभर साय धरायची. बायको रोज कुरकुरायची, "डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? निळी म्हटलं की केशरी आणता, रंग दिसत न्हाईत का?" रंग मला चांगले दिसत होते. पण भांडायला नको म्हणून मी डोळ्यांवर ढकलायचो. ती साय मात्र टाकून देत नव्हती. श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात साठवत होती.

अशात पुण्याहून सूनबाईचा फोन आला. मुलगा, सून आणि नात सुट्टीला येणार होते. सून म्हणाली, "बाबा, बटर आणून ठेवाल का? हिला सकाळी बटर लागतंच." मला भरून आलं. नात अगदी माझ्यावर गेली म्हणायची! मलाही सकाळी बटर लागतं. तडक बेकरीत गेलो आणि जिऱ्याचे, गोल, चांगले टणक बटर मोठी पिशवी भरून आणले. चहात बुडवले की असे फुगतात, की कपात चहा उरत नाही.

मंडळी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नात पोळी घेऊन बसली. सूनबाईनं बटर मागितलं. मी ऐटीत पिशवी पुढं केली. सून पिशवीकडं बघते, मी सुनेकडं बघतोय. मुलगा हसून हसून आडवा झाला. "बाबा, बटर म्हणजे पोळीला लावायचं! खोक्यात येतं ते!" नातीनं एक बटर पोळीवर घासून बघितलं. नुसती पोळी फाटली.

मी म्हणालो, "मग लोणी म्हणायचं होतं. बटर म्हणजे बटर." तेवढ्यात बायकोनं हिंगाच्या चहाची गोष्ट काढली, वर केशरी पिशव्यांचीही. मुलानं मोबाईल काढला. "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? उद्यापासून दूध घरपोच सांगतो. दारात येऊन टाकतील." तो प्रेमानंच बोलला. पण मला ते शेवटच्या स्टॉपवर उतरवल्यासारखं झालं. खुंटीला कापडी पिशवी लटकत होती, तिच्याकडं बघवेना. मी भिंतीकडं तोंड करून बसलो, आणि मी असा बसलो म्हणजे काय ते बायकोला कळतं.

ती उठली. सायीचं विरजण तिनं आदल्या दिवशीच लावलं होतं. रवी घेऊन घुसळायला बसली. मी थंड पाणी ओतत गेलो. लोण्याचा गोळा वर आला, तो तिनं धुऊन परत श्रीखंडाच्या डब्यात ठेवला आणि डबा नातीपुढं सरकवला. पोरीनं पोळीवर थापलं, मीठ भुरभुरलं आणि बोटं चाटत खाल्लं. मग डब्यावरचं वाचून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजोबा, ह्याच्यावर तर श्रीखंड लिहिलंय. ह्या बटरचं पाकीट कुठंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "होतं बाळा पाकीट. काळं होतं. चार पायांचं. विकलं."

मुलगा हसायला लागला आणि मधेच थांबला. नातीला काही कळलं नाही, तिनं दुसरी पोळी घेतली. बायको पाठ करून रवी धूत राहिली. धुतलेली रवी पुन्हा धुतली. मग मुलाला म्हणाली, "ठिव तो मोबाईल. दारात कुणी काय टाकू नगं."

खुंटीवरची कापडी पिशवी काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

"आन् उद्या केशरीच आणा. निळी आणलीत तर बघा."